सातवा चौकोन

शुक्रवार, १४ सप्टेंबर २०१८

शाळा आज दुपारी बंद झाली, आता तीन आठवडे उघडणार नाही. सोमवारपासून बटाट्याची काढणी. इतर ठिकाणची मुलं ऑगस्टात समुद्रावर लोळत असतात तेव्हा आमच्या अरूस्टूक काउंटीतली मुलं वर्गात बसलेली असतात, ती याच तीन आठवड्यांसाठी. मी स्वतः आठव्या वर्षापासून बटाटे वेचले. माझं आजचं पाठीचं दुखणं तेव्हाचंच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

ही वही घेतली कारण हे माझं शेवटचं वर्ष. तीस वर्षं गणित शिकवून झालं, हे एकतिसावं, जूनमध्ये खडू खाली ठेवायचा. व्हर्ना पेल्कीने आयुष्यभर काय केलं असं कोणी विचारलं, तर निदान शेवटच्या वर्षाचं तरी लेखी उत्तर असावं.

आज शेवटच्या तासानंतर कोरीन मिशो फळ्यापाशी घुटमळत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची या गावाची जुनी खोड आहे, आणि मिशोंच्या घरात ती जरा जास्तच. आधी तिने सुट्टीतल्या गृहपाठाचं विचारलं. मग खिडकी लावून घेऊ का, असं विचारलं. मग कुठे गाडी मुद्द्यावर आली. मॅसॅच्युसेट्समधल्या वेदरली कॉलेजसाठी अर्ज करायचा आहे, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, त्यातलं एक मी लिहीन का. वेदरली बारा मुलांमागे एकाला घेतं. पण एकदा घेतलं की कोरीनसारख्या घरच्या मुलीचा सगळा खर्च तेच उचलतात.

मी म्हटलं, लिहीन.

मग ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, बाई? मी करावा का अर्ज?"

"शेवटची तारीख एक जानेवारी आहे. त्याच्या आत कर."

ती 'बरं' म्हणाली, पण लगेच गेली नाही, दप्तराचा पट्टा ओढत उभी राहिली. आणखी काय हवं होतं कोण जाणे. पत्र लिहीन म्हणून मी सांगितलंच होतं.

शनिवार, ६ ऑक्टोबर

चर्चमध्ये बीन्सचं जेवण होतं. काढणी संपत आली, सगळ्यांची नखं काळी. रॉयस हॅगर्टी माझ्या समोर बसला होता. रॉयस माझा जुना विद्यार्थी, आता अडतीस वर्षांचा, वडिलांची शेती दुपटीने वाढवून बसलेला. कोरीन त्याच्याच काढणी यंत्राच्या पट्ट्यावर काम करते. मी विचारलं, पोरगी कशी आहे कामाला. तो म्हणाला, "बरी आहे." रॉयसच्या तोंडून 'बरी आहे' निघणं म्हणजे चांदीचा कप मिळाल्यासारखं. मी गप्प बसले तेव्हा त्याने पुढचं सांगितलं. कोरीनने एका वहीत आठवडाभर टिपलं म्हणे, पट्टा कुठल्या वेगाला किती बटाटे ठेचले जातात. मग गणित मांडून त्याला दाखवलं, की वेग एवढा कमी केला तर दिवसाला अर्धा तास जास्त जातो पण माल नासत नाही. रॉयसने वेग कमी केला. ती बरोबर होती.

मी आणखी थोडे बीन्स वाढून घेतले. मला इतका आनंद झाला होता की चेहऱ्यावर दिसू नये म्हणून काहीतरी करणं भाग होतं.

रॉयसनेही अठ्ठ्याण्णव साली असेच तीन मोठ्या कॉलेजांत अर्ज केले होते. तिघांनीही नाही म्हटलं. या लोकांना माणसाची पारख नाही. होडी वल्हवणारी आणि वीणा वाजवणारी पोरं हवीत त्यांना. एकतीस वर्षांत माझं एकही पोर अशा कॉलेजात गेलेलं नाही, यावरूनच काय ते कळतं.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

आमच्या शाळेची समुपदेशक टॅम्सिन ह्यूज दुपारी माझ्याकडे आली. वय अठ्ठावीस, दोन वर्षांपूर्वी कनेक्टिकटहून आलेली, म्हणजे बाहेरची. पोर कष्टाळू आहे, पण सारखी काळजीत असते. आज काळजी कोरीनच्या अर्जाची. शाळेबाहेर काय काय करता ते लिहायला अर्जात दहा ओळी असतात. कोरीनने पहिल्या ओळीत 'बटाटे' लिहिलं आणि नऊ ओळी कोऱ्या ठेवल्या.

टॅम्सिन म्हणाली, ती धाकट्या भावांना सांभाळते, चर्चचा हिशोब बघते, त्या पट्ट्याचं गणित तिने मांडलं, यातलं एकही अक्षर नाही. मी विचारलं की त्याबद्दल कोरीनचं म्हणणं काय. तर ती म्हणाली होती, "ते काय लिहायचं, ते तर करावंच लागतं."

मला ते उत्तर फार आवडलं. टॅम्सिनला आवडलं नाही. जाता जाता तिने माझ्यापुढे एका पत्राचा नमुना ठेवला, 'शिक्षकांसाठी'. त्यात 'विलक्षण', 'तेजस्वी', 'जिज्ञासेची ज्योत' असले शब्द होते. मी तो चुलीत घातला. लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा धंदा मी कधी केला नाही, आता म्हातारपणी काय करणार.

सोमवार, १७ डिसेंबर

आज पत्र लिहिलं. त्याआधी तो फॉर्म भरला.

फॉर्मवर सात चौकोन असतात आणि एकात खूण करायची असते. सरासरीपेक्षा कमी, सरासरी, चांगली, खूप चांगली, उत्कृष्ट, असामान्य, आणि सातवा म्हणजे 'माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्या सर्वोत्तमांपैकी एक'. या सातव्याचं मला दर वर्षी हसू येतं. कारकीर्द संपल्याशिवाय हे सांगायचं कसं? पीक घरात यायच्या आधी पोती मोजणारे शिक्षक असतील, ते भरोत बापडे.

मी बहुतेकांना 'सरासरी' देते, कारण बहुतेक जण सरासरीच असतात, त्यालाच सरासरी म्हणतात. हुशार असेल तर 'चांगला'. आज मी बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी 'खूप चांगली'वर खूण केली. हे मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलं आहे. खोटं कशाला सांगू, आपण वाहवत तर नाही ना गेलो, असं दोनदा मनात आलं. पण नाही, ती आहेच तशी.

पत्र असं:

'कोरीन मिशो चार वर्षं माझ्या वर्गात आहे. तिला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. स्वतःचं काम संपलं की ती शेजारच्याचं बघते. काढणीच्या पट्ट्यावर तिच्या शेजारी उभं राहायला मला आवडेल.'

पुन्हा वाचलं. एक शब्द जास्त नाही. एवढं भरभरून पत्र मी क्वचितच लिहिलं असेल. कोरीनला ते दिसणार नाही. पत्र वाचायचा हक्क सोडल्याची सही मुलांकडून आधीच घेतात, आणि तेच योग्य आहे. तोंडावर स्तुती करून कोणाचं भलं झालं आहे?

मंगळवार, १ जानेवारी २०१९

पारा शून्याखाली बावीस. कोरीनचा अर्ज काल गेला. तिच्या आईने माझ्यासारख्या एकट्या बाईला तीन महिने पुरेल एवढं प्लॉयचं, म्हणजे इकडच्या धिरड्यांचं, पीठ पाठवलं आहे. पत्राबद्दल आभार म्हणून असणार, पण सोबतच्या चिठ्ठीत फक्त 'पीठ जास्त झालं होतं' एवढंच. माणसं असावीत तर अशी.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

मनाला लागलं आहे. सगळं लिहून काढते.

जेवणाच्या सुट्टीत टॅम्सिन धावत आली. वेदरलीहून फोन होता, आणि तोही माझ्यासाठी. नादिया फरहत नावाच्या बाई, आमच्या भागातून येणारे सगळे अर्ज त्या वाचतात. आवाज तरुण, बोलणं सरळ. मला ते बरं वाटलं.

त्या म्हणाल्या, प्रत्येक अर्ज दोघेजण वाचतात, एकेकाला फार तर दहा मिनिटं मिळतात. गुण, शाळेत जे सर्वात अवघड विषय होते ते घेतले की नाही, निबंध, शिक्षकांची पत्रं, सगळं त्यातच. मग समिती बसते. गुरुवारी समितीत कोरीनची बाजू त्यांना मांडायची आहे, वेळ तीन मिनिटं.

"तिचे गुण चोख आहेत," त्या म्हणाल्या. "दगड वेचण्यावरचा निबंध तर मी दोनदा वाचला. घोडं पेंड खातंय ते तुमच्या पत्रापाशी."

मी म्हटलं, "माझ्या पत्रात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही, मिसेस पेल्की. आज सकाळपासून मी अठ्ठावीस पत्रं वाचली. त्यातली सव्वीस मुलं आपापल्या शिक्षकांच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम आहेत."

"मग त्यातले बरेच शिक्षक खोटारडे असणार."

त्या हसल्या. म्हणाल्या, असतील. "पण तुमचा चौकोन चौथा आहे आणि पत्र चार ओळींचं आहे. माझ्या सहकाऱ्याने शेरा मारलाय, 'शिक्षिकेचा उत्साह दिसत नाही, मुलीचं काहीतरी बिनसलेलं असावं'. म्हणून विचारते, तुम्हाला आम्हाला सावध करायचं होतं का?"

एकतीस वर्षांत माझ्या पत्राला कोणी असं म्हटलं नव्हतं. मग लक्षात आलं की एकतीस वर्षांत कोणी फोनच केला नव्हता.

त्यांनी विचारलं, ते शेवटचं वाक्य, पट्ट्यावर शेजारी उभं राहण्याचं, त्याचा अर्थ काय. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं. यंत्र बटाटे उपसतं आणि ते पट्ट्यावरून तुमच्या पुढ्यातून जातात. ओळीने माणसं उभी असतात, दगड आणि सडका माल काढायला. तुमच्या आधी उभा असलेला कामचुकार असेल तर त्याचे सगळे दगड तुमच्याकडे येतात, दहा तास, तीन आठवडे. म्हणून कोणाच्या शेजारी उभं राहायचं ते इथे फार जपून ठरवतात. त्याहून मोठं मी कोणाबद्दल काही म्हणू शकत नाही.

मग त्यांनी विचारलं, "हे वाक्य आजवर किती जणांसाठी लिहिलंत?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

"बघा. आणि मला उद्यापर्यंत कळवा. तिच्यासाठी मला हातात काहीतरी हवंय."

फोन ठेवल्यावर टॅम्सिनने मला पाणी आणून दिलं. मी रागावले होते. कोणावर, ते अजून नीट ठरत नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

बर्फामुळे शाळेला सुट्टी. सकाळपासून पत्र्याच्या पेट्या उघडून बसले होते. मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत माझ्याकडे आहे, आधीच्या कार्बनच्या, नंतरच्या छापलेल्या. दिवाणखान्याच्या जमिनीवर ढीग घातले, चौकोनाप्रमाणे. दुपारपर्यंत मोजून झालं.

मग एका कागदावर लिहिलं:

'एकतीस वर्षांत मी १४३ पत्रं लिहिली. त्यातल्या १३१ मुलांना सरासरी म्हटलं, नऊ जणांना चांगलं, तिघांना खूप चांगलं. त्यावरचा चौकोन मी कोणालाच दिलेला नाही. पट्ट्यावर शेजारी उभं राहण्याचं वाक्य याच तिघांसाठी लिहिलं. रॉयस हॅगर्टी, १९९८. मॅरियन सिर, २००७. कोरीन मिशो, २०१८. माझी खूण मी बदलणार नाही, ती खरी आहे. पण मी जूनमध्ये निवृत्त होते आहे आणि यापुढे पत्र लिहिणार नाही. तेव्हा तुमच्या सातव्या चौकोनातला प्रश्न आता मला विचारता येईल. उत्तर, होय.'

खाली पट्ट्याच्या वेगाची हकिगत लिहिली, चर्चच्या हिशोबाची, भावंडांची. कोरीनच्या नऊ कोऱ्या ओळी मी भरल्या.

टॅम्सिन बर्फातून चालत कागद न्यायला आली. तिने तो उभ्यानेच वाचला. मग जमिनीवरच्या ढिगांकडे, खास करून त्या मोठ्या ढिगाकडे, बघत राहिली.

"बाई, या एकशे त्रेचाळीसांपैकी अशा कॉलेजांत किती गेले?"

"एकही नाही. कोरीनचं ठरायचंय."

तिने हातमोजे चढवले, कागद कोटाच्या आत घातला आणि गेली. एरवी एवढं बोलणारी पोरगी. मला तिच्या गप्प बसण्याचा राग आला आणि मग तो राग राहिलाही नाही.

माझं माप चोख होतं. त्याबद्दल मी आजही कोणापुढे मान खाली घालणार नाही. पण ते माप कुठलं, हे पत्र वाचणाऱ्याला कधी कळवलं नाही. मॅरियनला कॉलेजांनी नाही म्हटलं तेव्हा मी तिला काय म्हटलं ते आठवतं. मी म्हटलं, त्यांचं नुकसान. ती बँगरला परिचारिका झाली, उत्तम झाली. तरीही. त्यांनी घेतलंच असतं असं नाही, बारातल्या अकरांना ते नाहीच म्हणतात. कधी कळणार नाही, हेच टोचतं आहे.

शुक्रवार, २२ मार्च

कोरीनला घेतलं.

संध्याकाळी पाच वाजता निकाल येणार होता. चार वाजता ती माझ्या वर्गात आली आणि म्हणाली, फळा पुसायचा राहिलाय का. मी म्हटलं, राहिलाय. तिने तीन वेळा पुसला. पाच वाजता टॅम्सिनच्या खोलीतल्या संगणकावर तिने नाव घातलं, आम्ही दोघी मागे उभ्या. टॅम्सिन रडली. कोरीनने पडद्यावरचा मजकूर दोनदा वाचला, मग म्हणाली, "बरं झालं."

मी तिला वर्गात परत नेलं आणि दार लावलं. मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरले.

"सप्टेंबरात तू मला विचारलं होतंस, अर्ज करावा का. मी तारीख सांगितली. चुकलं माझं. मला तुझा अभिमान वाटतो, कोरीन. चार वर्षं वाटतोय."

तिचे कान लाल झाले. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं, मी तुम्हाला सरासरी वाटते."

मग तिला रडू आलं, मलाही. पाच मिनिटं आम्ही दोघी अगदी वेड्यासारख्या रडलो आणि नंतर तिने आपणहून खिडकी लावून घेतली.

नादियाबाईंची चिठ्ठी टॅम्सिनकडे आली होती, ती मी रात्रीच्या जेवणाआधी वाचली. 'तुमचा कागद मी समितीला वाचून दाखवला. माझी तीन मिनिटं त्यातच संपली. त्यानंतर कोणी प्रश्न विचारला नाही.'

शनिवार, २३ मार्च

आज रॉयसकडे गेले. जाणं भाग होतं.

तो बटाट्याच्या कोठारात होता. हिवाळाभर साठवलेला माल तिथल्या पट्ट्यावर निवडून पोत्यांत भरतात, बाहेर ट्रक उभा होता. मी त्याला बाजूला बोलावलं. सांगितलं की अठ्ठ्याण्णव साली तुझ्यासाठी जे पत्र लिहिलं ते बहुधा त्या लोकांना कळलं नाही, आणि ते कळेल असं लिहिणं माझं काम होतं. त्यामुळे तुझं काय झालं आणि काय झालं नाही, ते मला माहीत नाही. पण मी माफी मागायला आले आहे. आणि कार्बनची प्रत त्याच्या हातात दिली. नियमाने देऊ नये. एकवीस वर्षांनी नियम मला काय करणार आहे?

चार वाक्यं. तो फार वेळ वाचत होता. मला वाटलं, कार्बन पुसट झाला असेल.

"हे माझ्याबद्दल?" त्याने विचारलं.

"नाव तुझंच आहे ना वर."

"हे शेवटचं. तुम्ही असं किती जणांबद्दल लिहिलंय, बाई?"

"तिघांबद्दल. एकतीस वर्षांत."

रॉयसने हात वर करून पट्टा थांबवायला सांगितलं. ट्रक भरत असताना या काउंटीत पट्टा कोणी थांबवत नाही, माणसं बघायला लागली. तो पाठ फिरवून उभा राहिला. मी वाट बघत होते, आता काय बोलेल त्याची. बोलला असता तर ऐकून घ्यायची तयारी करूनच आले होते.

"अठरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तिन्हीकडून नाही आलं तेव्हा मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही म्हणालात, त्यांचं नुकसान. मला वाटलं, बाई आपल्या बोलायचं म्हणून बोलतात."

मी म्हटलं, मी बोलायचं म्हणून कधी काही बोलत नाही.

"ते आज कळलं." त्याने कागदाची नीट घडी घातली. "हे मी ठेवू का?"

मी म्हटलं, ठेव, तुझंच आहे. त्याने तो शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. माफीबद्दल तो एक शब्द बोलला नाही, मी पुन्हा विषय काढला तर हात झटकला. माफी पोचली की नाही, मला अजून सांगता येत नाही. चेहरा मात्र त्याचा असा होता, की जणू आजच कुठूनतरी होकाराचं पत्र आलं आहे.

मग त्याने पट्टा सुरू करायला सांगितला. एक जागा मोकळी होती, कोणी कामावर आलं नव्हतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाठ बरी असेल तर उभ्या राहता का थोडा वेळ?"

मी कोट काढून खुंटीला लावला आणि पट्ट्यावर त्याच्या शेजारी उभी राहिले, त्याच्या नंतरच्या जागेवर. बारा वाजेपर्यंत उभी होते. काम फारसं करावं लागलं नाही. दोन तासांत एकही दगड माझ्यापर्यंत आला नाही.